शहराजवळच्या नदीतले प्राणीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, कसे तपासायचे (पुण्याच्या मुठेचं उदाहरण घेऊन)

बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेणारे बरेच असतात आणि बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, एका लिटरमागे किती जीव. अहो पण सांडपाणी मिसळलं की आकडा कधीकधी उलट वाढतो, कमी होतात त्या जाती, तेव्हा किती आहेत यापेक्षा कोण कोण आहे ते बघा.

आधी जागा ठरवा. खडकवासला धरणाच्या खाली एक, विठ्ठलवाडीजवळ एक आणि संगमाच्या पुढे बंडगार्डनला एक, तिथपर्यंत मुळा पण येऊन मिळालेली असते हे वहीत लिहून ठेवा. बंडगार्डनला बंधारा आहे, पाणी तुंबतं, आणि तुंबलेल्या पाण्यात प्लवंग तसेही जास्त वाढतात, त्यामुळे तिथल्या सॅम्पलची तुलना खळाळत्या पाण्याशी केली आणि सगळं खापर सांडपाण्यावर फोडलं तर व्हायवात (तोंडी परीक्षेत) पकडले जाल. जलपर्णीच्या कडेचं सॅम्पल वेगळ्या बाटलीत.

जाळी ५०-६० मायक्रॉनची हवी, मोठ्या छिद्रांच्या जाळीतून रोटिफर (सगळ्यात बारीक प्राणीप्लवंगांपैकी एक गट) निसटतात. बादलीने तळ न ढवळता ५० लिटर पाणी गाळा आणि शेवटी ५० मिली करा. म्हणजे बाटलीतलं १ मिली बरोबर नदीचं १ लिटर, सेजविक-राफ्टर सेलमध्ये (मायक्रोस्कोपखाली जीव मोजायची काचपट्टी) मावतंही तेवढंच, हिशोबाची कटकटच नाही. सॅम्पल टिकवायला फॉर्मालिन (४ टक्के) घालायच्या आधी थोडा प्यायचा साधा सोडा (सोडा वॉटर) ओता, नाहीतर रोटेरियासारखे मऊ रोटिफर आकसून गोळा होतात आणि मग ओळखत बसा!

पाण्याची मापं त्याच वेळी, त्याच जागी घ्यायची. तापमान, पीएच, कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता) आणि मुख्य म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन. ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीची पहिली दोन्ही रसायनं काठावरच घाला, साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर संपलं, तिथे प्लवंगांच्या फारशा जाती सापडायच्याच नाहीत. सगळीकडे वेळ सारखी ठेवा कारण दुपारी शेवाळ ऑक्सिजन वाढवतं आणि घाण पाणीही बरं दिसतं. बीओडीची (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) बाटली बर्फात घालून लॅबला, आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. ग्लोव्हज घाला हो, गटाराचंच पाणी आहे ते.

मायक्रोस्कोपखाली ब्रॅकिओनस, फिलिनिया (हे दोन रोटिफर) आणि मोइना (पाणपिसू) यांचीच गर्दी असेल तर सेंद्रिय घाण भरपूर असल्याची शंका घ्यायची. डायप्टोमससारखे लांब मिशांचे कोपेपॉड (बारीक कवचधारी प्राणी) सापडले तर त्यामानाने पाणी बरं. पण एका जातीवरून निकाल देऊ नका, ऑक्सिजन आणि बीओडीचे आकडे शेजारी मांडा. आणि पावसाळ्यातलं सॅम्पल उन्हाळ्याच्या तक्त्यात मिसळू नका, धरणातून पाणी सोडलं की प्लवंग वाहूनच जातात.