एकच विषय, चार वयं

मुलांच्या चित्रांचे टप्पे पाठ करण्यापेक्षा जमिनीवर मांडून बघा. सोलापुरात विषय शोधावा लागत नाही: गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा! वाड्यातल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांना सारखेच कागद आणि जाड खडू द्या, 'नंदीध्वजाची (यात्रेतल्या उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक काढा' एवढंच सांगा. काय काढलंय ते मूल सांगेल तसं कागदामागे लिहा, सोबत वय, वर्षं आणि महिन्यांत. मग वयाच्या क्रमाने कागद लावा.

तीन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्या असतील, पण तो त्यांनाच 'नंदी' म्हणेल. ही मोठी पायरी आहे, हसू नका. चार-पाचला डोक्यातूनच हातपाय फुटलेली माणसं हवेत तरंगतात. सातच्या आसपास खाली जमिनीची रेघ येते. जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या भिंतीतून आतली माणसंही दिसतात. नऊ-दहाला खोडरबर सतत हातात, 'मला येत नाही' सुरू. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडलेले टप्पे साधारण असेच आहेत. वयं मात्र मागेपुढे होतात, त्यावरून हुशारी मोजू नका.

शेवटी डाव्या मुठीत खडू धरून स्वतः गोल काढून बघा, म्हणजे लहान मुलांना ते किती अवघड जातं ते कळेल. (डावखुऱ्यांनी उजव्या.)