बैठकीच्या आधी आकडा

वेगवेगळ्या रुग्णालयांत एकच काम करणाऱ्यांना एकत्र आणून कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस सुरू करायची असेल, तर जागा, वेळ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे कोणीही बघेल. ते सोडा. विषय एकच घ्या, तोही बोटाने दाखवता येईल असा. ‘रुग्णसेवेचा दर्जा’ नको. सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, होणारा जंतुसंसर्ग चालेल.

मग आजचा आकडा घ्या. पहिल्या बैठकीच्या आधी. मागच्या वेळी असा गट केला तेव्हा हेच राहिलं आणि शेवटी ‘फरक पडला’ म्हणणारे पुष्कळ, किती ते सांगणारा एकही नाही. नुसते रुग्ण मोजू नका, दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन, तो एक कॅथेटर-दिवस) संसर्ग किती ते काढा. नाहीतर आयसीयू रिकामं असलं तरी सुधारणा झाल्यासारखी दिसते. संसर्ग कशाला म्हणायचं, हेही सगळीकडे एकच हवं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंनी हा दर दीड वर्षात सरासरी ७.७ वरून १.४ वर आणला, २००६ साली ते छापून आलं. ते ७.७ आधी नोंदलेलं नसतं तर छापणार काय होते? बैठकीची तारीख कळवून झाली असेल आणि आकडा नसेल, तर तारीख पुढे ढकला. लाज वाटली तरी ढकला.

माणसं: डॉक्टर येतीलच. पण लाइन रोज हाताळते ती सिस्टर, आणि तिचा तो तास ड्यूटीत धरला नाही तर दोन बैठकांनंतर ती दिसणार नाही. मेट्रनशी आधीच बोला. मिशिगनमध्ये, लाइन घालताना ठरलेली पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायची मुभा सिस्टरला होती. ती मुभा वरिष्ठांकडून आधी वदवून घ्या. बैठक मात्र विभागप्रमुखांनी चालवू नये. साहेबांसमोर कोण सांगणार, की माझ्या वॉर्डात हात धुतले जात नाहीत?

व्याख्यानं टाळा, केस मांडा, रुग्णाचं नाव गाळून. अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्यात २००३ पासून डॉ. संजीव अरोरांचा प्रोजेक्ट इको असाच चालला: हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या केसेस दूरच्या दवाखान्यांतले डॉक्टर व्हिडिओवर मांडायचे, तज्ज्ञ त्यावर बोलायचे. उपचारांचे निकाल विद्यापीठाच्या क्लिनिकइतकेच आले.

पुढचं थोडक्यात. कोणी काय करून बघायचं ते लिहून ठेवा. दर महिन्याला तोच आकडा, त्याच पद्धतीने. नव्या माणसाला जुन्याशेजारी बसवा. खर्चाचं प्रशासनाशी बोलायला जाताना दोन्ही आकडे न्या, आधीचा आणि आताचा. विषय संपला की गट बंद करा.