त्वचेचा कर्करोग मज्जातंतूत शिरलाय का? मोह्स सर्जरीत तपासणी अशी करा

मोह्स सर्जरीत गाठ थराथराने काढतात आणि प्रत्येक थर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाठ काढायच्या आधी रुग्णाला नेमकं विचारा: कातडीखाली मुंग्या फिरतात का, बधिरपणा, जळजळ, ठणका आहे का? गाठ गालावर असेल तर वरच्या ओठाची आणि नाकाच्या कडेची संवेदना दोन्ही बाजूंना कापसाने ताडून पाहा. भुवया उंचावायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला सांगा. यात काही खोट दिसली तर सर्जरी थांबवून आधी कॉन्ट्रास्ट एमआरआय करा, त्यातही चरबीची चमक दाबणारी चित्रं हवीतच. जाड झालेला, उजळणारा तंतू आणि कवटीच्या छिद्रापाशी नाहीशी झालेली चरबी शोधायची. एमआरआय स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सूक्ष्म प्रसार त्यात सहसा दिसत नाही आणि बहुतेक रुग्णांना लक्षणंही नसतात.

खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर, ऊतीच्या पातळ कापांत म्हणजे छेदांत, लागते. आधी कमी पॉवरवर सगळे मज्जातंतू हेरा, मग एकेक मोठ्या पॉवरवर बघा. कर्कपेशी तंतूच्या आवरणाच्या आत असल्या, किंवा तंतूला चिकटून त्याचा किमान एक तृतीयांश घेर व्यापत असल्या, तर प्रसार धरायचा. तंतू शेजारून नुसता जात असेल तर प्रसार धरू नका.

तंतूभोवती लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींची दाटी दिसली, पण कर्कपेशी दिसल्या नाहीत, तर तिथे थांबू नका. पुढच्याच छेदात त्या सापडू शकतात. त्याच ब्लॉकचे (छेदांसाठी बसवलेल्या ऊतीच्या तुकड्याचे) आणखी खोल छेद घ्या. तरी शंका राहिली तर त्या जागेचा आणखी एक थर काढा. ही दाटी दुर्लक्षित राहते आणि आजार मागे उरतो, म्हणून तिच्याबद्दल आग्रहाने सांगतो.

फसगत दोन्ही बाजूंनी होते. गाठीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे कोलॅजेनचे थर साचले की ते तंतूसारखे भासतात. तिरके कापलेले केसांचे कूप आणि घामाच्या नलिका कर्कपेशींसारख्या दिसतात. आधी शस्त्रक्रिया झालेल्या जागी तंतूभोवती निरुपद्रवी वाढ असू शकते. गोठवलेल्या छेदात बर्फाच्या स्फटिकांनी पडलेली भोकंही घोळ घालतात. संशय असेल तर विशिष्ट प्रथिनं दाखवणारे दोन रंग वापरा: एस-१०० ने तंतू आणि सायटोकेरॅटिनने कर्कपेशी रंगवून शेजारशेजारचे छेद ताडा. एकट्या एस-१०० वर निदान ठेवू नका.

प्रसार सापडला की तंतूचा व्यास मोजा. फक्त तंतूचा, भोवतीच्या गाठीचा नाही. ०.१ मिमी ही महत्त्वाची रेषा आहे: स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात त्याहून जाड तंतू, किंवा डर्मिसच्या (त्वचेच्या आतल्या थराच्या) खालचा तंतू, धोका वाढवतो. आयपीसमधली (डोळ्याकडच्या भिंगातली) मोजपट्टी त्याच ऑब्जेक्टिव्हसाठी (काचेकडच्या भिंगासाठी) कॅलिब्रेट केलेली असावी. ती नसेल तर फील्ड नंबर (आयपीसवर लिहिलेला, दिसणाऱ्या वर्तुळाचा मिमीतला आकडा) २० चा आयपीस आणि ४० पट ऑब्जेक्टिव्ह घेतल्यास दिसणारं वर्तुळ २० भागिले ४०, म्हणजे ०.५ मिमी भरतं, म्हणजे त्याचा पाचवा भाग ०.१.

गाठीचा आधी खरवडून काढलेला भाग फेकू नका. त्याचे उभे छेद घ्या, जाड तंतू कधी तिथेच सापडतो. रिपोर्टमध्ये किती तंतू, सर्वांत जाड किती, कोणत्या थरात आणि शेवटचा थर स्वच्छ होता का, हे लिहा. रेडिएशनचा निर्णय घेणाऱ्याला हेच लागतं.