घराच्या विम्याचा हप्ता वाजवी आहे का, हे कसे तपासावे

घराच्या विम्याचे कोटेशन हाती आले की बहुतेक जण तळाची बेरीज पाहतात आणि ती जास्त वाटली तर घासाघीस करतात, कमी वाटली तर सही करून मोकळे होतात. त्या एका आकड्यावरून मात्र हप्ता रास्त आहे की नाही, हे ठरवता येत नाही. हप्ता म्हणजे विमा रक्कम (नुकसान झाल्यास कंपनी देईल ती कमाल रक्कम) आणि दर यांचा गुणाकार, त्यावर जोड संरक्षणांचे, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा संरक्षणांचे पैसे आणि वस्तू व सेवा कर. विमा कंपनीचा दर जास्त असल्यामुळे ग्राहकाचे जितके पैसे जातात, त्याहून कितीतरी अधिक पैसे विमा रक्कम चुकीची धरल्यामुळे जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून तपासणीची सुरुवात दरापासून नव्हे, विमा रकमेपासून करावी.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे विमा नियामकाने बंधनकारक केले आहे. या पॉलिसीत घराच्या इमारतीची विमा रक्कम बाजारभावावर ठरत नाही; चटई क्षेत्राला त्या वेळच्या बांधकाम खर्चाच्या दराने गुणून ती काढली जाते. जमिनीची किंमत त्यात येत नाही, कारण आग लागली, पूर आला किंवा भूकंप झाला तरी जमीन जागेवरच राहते. आपल्या शहरांत सदनिकेच्या किमतीचा मोठा वाटा जमिनीचा आणि परिसराचा असतो, आणि खरेदीखतावरची रक्कम तशीच्या तशी विम्याच्या अर्जात भरली गेली की हप्ता विनाकारण अनेक पटींनी वाढतो.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, ठाण्यातील ६५० चौरस फूट चटई क्षेत्राच्या सदनिकेचा बाजारभाव ९५ लाख रुपये आहे आणि तशाच दर्जाचे बांधकाम पुन्हा उभारण्याचा खर्च चौरस फुटाला २,८०० रुपये येतो. मग इमारतीची योग्य विमा रक्कम १८ लाख २० हजार रुपये ठरते. हाती आलेल्या कोटेशनमध्ये मात्र इमारतीसमोर ९५ लाख लिहिलेले आहेत आणि एकूण हप्ता ५,३१० रुपये आहे. या रकमेला १.१८ ने भागले की १८ टक्के कर बाजूला होऊन ४,५०० रुपये उरतात. त्यातून घरफोडीच्या जोड संरक्षणाचे १,००० आणि दागिन्यांचे ६५० रुपये वजा केले की मूळ संरक्षणाचा हप्ता २,८५० रुपये निघतो. त्याला विमा रकमेने भागून हजाराने गुणले की दर हजारी, म्हणजे हजार रुपयांच्या विमा रकमेमागे, ३० पैसे असा दर मिळतो. हाच दर १८ लाख २० हजारांना लावल्यास मूळ हप्ता केवळ ५४६ रुपये होतो. म्हणजे येथे कंपनीने दर अवाजवी लावलेला नाही, तरीही ग्राहक करासह वर्षाला सुमारे २,७०० रुपये जास्त भरतो आहे. ती इमारत पूर्ण नष्ट झाली तरी प्रमाणित पॉलिसीखाली पुनर्बांधणीच्या खर्चापलीकडे भरपाई मिळणार नसल्यामुळे या जादा पैशांच्या मोबदल्यात त्याला काहीही मिळत नाही.

बांधकाम खर्चाचा दर ठरवताना दोन बाजूंनी पडताळणी करावी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकात बांधकामाचे दर प्रति चौरस मीटर दिलेले असतात, त्यांना १०.७६ ने भागले की चौरस फुटाचा दर मिळतो. दुसरा आकडा परिसरातील एखाद्या ठेकेदाराला किंवा स्थापत्य अभियंत्याला विचारावा आणि तो मला अधिक भरवशाचा वाटतो. फक्त ठेकेदार बहुधा बांधीव, म्हणजे भिंतींसह मोजलेल्या क्षेत्रावर दर सांगतात, तोच दर चटई क्षेत्राला लावला तर रक्कम कमी येते, एवढे लक्षात ठेवून फरक भरून काढावा. ‘भारत गृह रक्षा’मध्ये विमा रक्कम थोडी कमी पडली म्हणून अंशतः झालेल्या नुकसानीच्या दाव्यात त्या प्रमाणात कपात केली जात नाही, ही ग्राहकाच्या मोठ्या सोयीची तरतूद आहे, पण संपूर्ण नुकसान झाल्यास विमा रकमेपेक्षा अधिक पैसे मिळत नाहीत, त्यामुळे हप्ता वाचवण्यासाठी रक्कम मुद्दाम खाली आणू नये. काही कंपन्या सदनिकांसाठी जमिनीच्या वाट्यासह ठरवलेल्या मूल्यावर विमा देतात. तो वेगळा प्रकार आहे, त्याचा हप्ता जास्त असणे स्वाभाविक आहे, आणि त्याची तुलना प्रमाणित पॉलिसीशी करणे चुकीचे ठरेल.

सदनिकाधारकाने पैसे भरण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन एक चौकशी जरूर करावी. आदर्श उपविधींनुसार सहकारी गृहनिर्माण संस्थेने इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा उतरवणे अपेक्षित आहे. असा विमा पुरेशा रकमेचा असेल आणि त्यात सदनिकांचा अंतर्भाग धरलेला असेल, तर त्याच भिंतींसाठी स्वतंत्र हप्ता भरून भरपाई दोनदा मिळत नाही. अशा वेळी केवळ घरातील सामानाचा आणि आतील कामाचा विमा घेणे शहाणपणाचे आहे. मात्र सचिवांच्या तोंडी आश्वासनावर न थांबता पॉलिसीची प्रत मागावी आणि रक्कम व मुदत स्वतः पाहावी. भाडेकरूला तर इमारतीचा विमा उतरवण्याची गरजच नसते.

सामानाच्या बाबतीत अनेकदा एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतले जातात. ‘भारत गृह रक्षा’ घेताना इमारत आणि सामान दोन्हींचा विमा असेल, तर सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण यादी न देताही मिळते. आपल्या उदाहरणात हे ३ लाख ६४ हजार रुपये होतात. फ्रिज, धुलाई यंत्र, टीव्ही, फर्निचर, कपडे, भांडी यांची खोलीवार यादी करून आजच्या खरेदीभावाने बेरीज करावी. ती या मर्यादेत बसत असेल तर सामानासाठी वेगळा हप्ता का लावला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. दागिने, चांदीची भांडी आणि चित्रे या साध्या सामानात येत नाहीत, त्यांचे संरक्षण ठरवलेल्या मूल्यावर वेगळे घ्यावे लागते. दागिने बहुतांश वेळ बँकेच्या लॉकरमध्ये राहत असतील तर घरी प्रत्यक्ष जेवढे असतात तेवढ्यांचाच विचार करावा, आणि लॉकरमधील ऐवज धरला आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे.

चोरीबाबत फार मोठा गैरसमज आढळतो. प्रमाणित पॉलिसीच्या मूळ संरक्षणात चोरी येते ती केवळ पूर, आग, भूकंप यांसारख्या विमित घटनेमुळे, तीही त्या घटनेपासून ७ दिवसांच्या आत झालेली. सुट्टीत घर बंद असताना कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी जोड संरक्षण घ्यावे लागते. त्यामुळे दोन कोटेशनपैकी एक स्वस्त दिसले, तर त्यात घरफोडी वगळली आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याला स्वस्त म्हणू नये. पुण्या-मुंबईत राहून कोकणातील कौलारू घराचा विमा उतरवणाऱ्यांनी घर सलग बंद राहण्याबाबतची अट आणि लाकडी वाशांचे बांधकाम कंपनी पक्क्यात धरते की कच्च्यात, या दोन्ही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. कच्च्या बांधकामाला दर जास्त लागतो, आणि वर्गवारी चुकली तर भुर्दंड दरवर्षी बसतो.

यानंतर दराकडे वळावे. जागेचा धोका दरात उतरणे योग्यच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराने काय झाले, हे आपल्यासमोर आहे. नदीकाठच्या तळमजल्याला जास्त दर लावला तर त्याला मी अन्याय म्हणणार नाही. उलट तेथे पुराचे पाणी सर्वाधिक हानी सामानाची करत असल्यामुळे हप्ता वाचवायचा तो इतरत्र वाचवावा, सामानाच्या रकमेत नव्हे. तुलनेसाठी एक सरकारी कंपनी, एक खासगी कंपनी आणि बँकेमार्फत मिळणारे अशी किमान तीन कोटेशने घ्यावीत. तिन्हींना विमा रक्कम, मुदत आणि जोड संरक्षणे अगदी तीच सांगावीत, प्रत्येकातून कर व जोड संरक्षणे वेगळी काढावीत आणि दर हजारी दर शेजारी-शेजारी लिहावा. कंपन्यांच्या दावे प्रमाणाचे (हप्त्यांच्या तुलनेत दाव्यांवर किती खर्च झाला, याचे) आकडे अनेक जण पाहतात, पण अग्नी विम्याच्या आकड्यांत कारखाने आणि गोदामे मोठ्या प्रमाणावर असतात, म्हणून घराच्या विम्यासाठी त्यांच्यावर फारसे विसंबू नये.

गृहकर्जासोबत येणाऱ्या विम्याकडे सर्वात बारकाईने पाहावे. तेथे विमा रक्कम अनेकदा बांधकाम खर्चाऐवजी कर्जाच्या रकमेवर धरली जाते आणि अनेक वर्षांचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला जातो. ३०,००० रुपयांचा हप्ता ९ टक्के व्याजाच्या २० वर्षांच्या कर्जात मिळवला, तर फेडताना सुमारे ६५,००० रुपये जातात. बँक घराचा विमा मागू शकते, परंतु तो ती सांगेल त्याच कंपनीकडून घेण्याची सक्ती करू शकत नाही. बाहेरून पॉलिसी घेऊन तिच्यावर बँकेचे नाव घालून देता येते. तो कागद घराचा विमा आहे की कर्जदाराच्या आयुष्याचा, हेही पाहावे, कारण दोन्ही एकाच गठ्ठ्यात सहीसाठी येतात. दीर्घ मुदतीची पॉलिसी मुळात वाईट नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या ‘भारत गृह रक्षा’मध्ये इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते आणि त्यासाठी जादा हप्ता लागत नाही, म्हणून एकूण हप्त्याला वर्षांनी भागताना ही वाढही जमेस धरावी.

हिशेब करूनही आकडा जुळत नसेल, तर कंपनीला ई-मेल पाठवून इमारत, सामान, प्रत्येक जोड संरक्षण आणि कर यांची फोड मागावी. २००७ पासून अग्नी विम्याचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे आहे, त्यामुळे ‘दर महाग आहे’ एवढीच तक्रार पुढे टिकत नाही. त्यावर उपाय म्हणजे दुसरी कंपनी. पण न विचारता जोड संरक्षण लावले असेल, विमा रक्कम संमतीविना वाढवली असेल किंवा पॉलिसीनुसार देय नसलेला हप्ता घेतला असेल, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, नंतर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या व्यवस्थेत ती नोंदवावी. कंपनीकडून समाधान न झाल्यास आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, कारण पॉलिसीनुसार भरलेल्या किंवा देय हप्त्यासंबंधीचे वाद लोकपालाच्या कक्षेत येतात. त्या अर्जाला कोटेशन, पॉलिसीचे विवरणपत्र आणि आपण काढलेला दर हजारी हिशेब जोडावा.