यकृताचा एमआर इलास्टोग्राफी रिपोर्ट कसा वाचावा

ठाणे असो वा वाशी, अपॉइंटमेंट घेताना ‘इलास्टोग्राफीसह लिव्हर एमआरआय’ असंच सांगा. इलास्टोग्राफी म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणं; साध्या एमआरआयमध्ये तो मोजला जात नाही. आधी ४ ते ६ तास उपाशी राहा. ट्रान्स-हार्बर लोकल पकडण्यापूर्वीचा चहा-बिस्किटंही नकोत, कारण खाल्ल्यावर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढून कडकपणाचा आकडा फुगतो. उजव्या बरगड्यांवर बांधलेली चकती ६० हर्ट्झने थरथरते. श्वास सोडून रोखायचा, दरवेळी साधारण १५ सेकंद.

आकडा किलोपास्कलमध्ये येतो. २.५ च्या खाली सर्वसाधारण, ५ च्या वर बहुधा सिरॉसिस (यकृत व्रणांनी भरून कडक होणं). आकडा जितका जास्त, तितका पुढे पोटात पाणी होण्याचा किंवा रक्ताची उलटी होण्याचा धोका जास्त. फायब्रोस्कॅनचे (अल्ट्रासाउंडसारख्या लहरींनी कडकपणा मोजणारी तपासणी) किलोपास्कल वेगळे, त्यांच्याशी तुलना करूच नका. फॅटी लिव्हरमध्ये ३.३ किंवा जास्त आणि सोबत फिब-४ स्कोअर (वय आणि रक्ततपासणीवरून काढलेला) १.६ किंवा जास्त असेल, तर फायब्रोसिस (यकृतातले व्रण) बराच वाढल्याची शक्यता मोठी.

कावीळ किंवा हार्ट फेल्युअर असताना आकडा खोटा चढतो. यकृतात लोह साठलं असेल तर सिग्नलच हरवतो. मग स्पिन-एको ही एमआरआयची दुसरी पद्धत मागा. दोन तपासण्यांतला १९ टक्क्यांपर्यंतचा फरक हा मोजमापातलाही असू शकतो, म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्याच.