खव्यात संत्र्याचा रस ओतू नका, आणि अशाच काही चुका

दिवाळीच्या आसपास अंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तोडणीला येणारी, संत्री यायला लागली की नागपुरात घरोघरी संत्रा बर्फीचा बेत ठरतो, आणि दरवर्षी तीच चूक होते: कढईतल्या गरम खव्यात ताजा रस ओतला जातो.

संत्र्याचा रस म्हणजे बहुतांश पाणी आणि आम्ल. पाण्याने खवा सैल होतो, आम्लाने फाटतो. त्यातून हंगामाच्या सुरुवातीची फळं जास्तच आंबट. एका घरी पाहुणे यायच्या दिवशी किलोभर खवा असाच वाया गेला. अर्धा लिटर रस, तोही मोठ्या आचेवर. बघता बघता कडेने तूप सुटलं आणि मधे रवाळ चोथा राहिला. आंबटपणा मारायला साखर घातली, तिला पाणी सुटलं, ते आटवता आटवता माल तळाला लागला. वड्या पडल्याच नाहीत, पाहुण्यांना वाटीत चमचा घालून दिलं.

रस काढूच नका. सहा-सात संत्र्यांच्या फोडी सोला, पांढऱ्या शिरा आणि बिया काढा. या कामाचा कंटाळा येणाऱ्यांनी बर्फी विकत आणावी, कारण कडूपणा तिथूनच येतो. साधारण २५० ग्रॅम गर आणि १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात) मंद आचेवर आटवा. सराटा (उलथणं) फिरवल्यावर तळाला रेघ राहिली आणि ती लगेच भरून आली नाही की गर तयार. तो पूर्ण थंड करा. ५०० ग्रॅम खवा वेगळा, मंद आचेवर मऊ होईपर्यंत परता, गॅस बंद करा आणि कोमट झाल्यावर गर तीन वेळा करून मिसळा. गोडी चाखून लागेल तेवढी पिठीसाखर याच वेळी घाला. मग अगदी बारीक आचेवर दोन-तीन मिनिटं, गोळा कडा सोडेपर्यंत. वासासाठी सालीचा फक्त केशरी भाग किसून पाव चमचा. इसेन्सच्या बाटलीने बर्फीला गोळ्या-चॉकलेटचा वास येतो, संत्र्याचा नाही. खवा फाटलाच तर तो पुन्हा गुळगुळीत होत नाही. आटवून रवाळ वडी म्हणून खा.

दुसरी आवडती चूक म्हणजे पाक घड्याळ लावून करणे. ‘पाच मिनिटं उकळा’ हे वाक्य कुठेही वाचलं की पुढे वाचू नये. गंज किती रुंद, आच किती, पाणी किती, यावर सगळं ठरतं. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घ्या. साखर विरघळली की ढवळणं थांबवा, नाहीतर पुन्हा कण धरतात. भीती वाटत असेल तर लिंबाचे चार थेंब टाका. तपासताना गॅस बंद करा. तुम्ही बोटांत तार बघत असता तेव्हा पाक पुढे सरकत असतो. थेंब बशीत जरा निवू द्या, मग अंगठा आणि बोटात धरून तार बघा. रवा-नारळाच्या लाडवाला एकतारी, म्हणजे १०४-१०५ अंश. गुलाबजामला तार नकोच, नुसता चिकटपणा पुरे. थर्मामीटर असेल तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा पाकाचा आकडाही एक अंश कमी धरा. पाक पुढे गेला तर दोन चमचे गरम पाणी घालून पुन्हा उकळा. लाडू वळतानाच भुगा होत असेल तर कोमट दुधाचा हबका मारा, पण असे लाडू दोन दिवसांत संपवा.

गुलाबजाम बाहेरून काळे, आतून कच्चे? तेल फार तापलं. तेलात विरघळतात? पाव किलो खव्याला ५० ग्रॅम मैदा हवा.

केकसाठी दाणेदार साखर लोण्यात फेटत बसू नका, आपली साखर जाड असते. मिक्सरमधून काढा. आणि पहिली २५ मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही, कुणीही कितीही डोकावो.

कॅरॅमल कस्टर्डला जाळी पडते ती उकळीमुळे. अर्धा लिटर दूध, चार अंडी, ८० ग्रॅम साखर. मिश्रण गाळून भांड्यात घ्या, भांडं अर्धं गरम पाण्यात, ओव्हन १५० अंशांवर, साधारण ४५ मिनिटं. मधला भाग थरथरत असतानाच बाहेर काढा. तो घट्ट होईपर्यंत वाट बघणाऱ्यांना गोड ऑम्लेट मिळतं.

२५ टक्के फॅटचं क्रीम फेटून फुलत नाही, त्याला किमान ३०-३५ टक्के लागतं. मे महिन्यात तेही बर्फावर ठेवलेल्या भांड्यातच फेटा. श्रीखंडाचा चक्काही त्या दिवसांत खुंटीला टांगू नका, आंबट ढाण होतो. चाळणीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा. जिलेटिनचं पुडिंग तर ४५ अंशांच्या दुपारी टेबलावर वितळायला लागतं. तिथे चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर) वापरा. ते एकदा जमलं की ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय सुटत नाही.