तरुण घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहू लागला आणि उडी नाकारू लागला तर

चार-पाच वर्षांचा घोडा काही महिने छोट्या उड्या मन लावून मारत असतो आणि एके दिवशी अडथळ्याच्या आडव्या दांड्यासमोर (पोलसमोर) येऊन थबकतो. स्वार टाच मारतो, घोडा एक पाऊल मागे सरकतो, पुन्हा टाच बसते आणि त्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटतात. पहिल्यांदा तो वीतभरच उठतो. पण त्याच दिवशी योग्य दखल घेतली नाही, तर पुढे तो सरळ मागच्या दोन पायांवर उभा राहू लागतो. तबेल्यात अशा वेळी पहिला निष्कर्ष निघतो तो 'घोडा माजला' असा आणि पहिला उपाय सुचतो तो चाबकाचा. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि तो उपाय जवळजवळ नेहमीच घातक ठरतो.

उडी नाकारणे आणि उभे राहणे या दोन वेगळ्या खोडी नाहीत. घोड्याच्या शरीराचे सगळे बळ पुठ्ठ्यांतून, म्हणजे मागच्या भागातून, पुढे वाहते. त्याची पुढची वाट वेदनेने, भीतीने किंवा स्वाराच्या आखडलेल्या हाताने बंद झाली आणि त्याच वेळी टाच 'पुढे चल' म्हणत राहिली, तर ते बळ आधी मागे सरकण्यात आणि मग वर उठण्यात बाहेर पडते. म्हणून पुढे जे जे सांगितले आहे त्या सगळ्याचा हेतू एकच आहे: घोड्याची पुढची वाट कोणी बंद केली हे शोधायचे आणि ती पुन्हा मोकळी करायची.

पहिले काम म्हणजे त्या दिवसापासून उड्या पूर्ण बंद करणे. 'आज नाकारले म्हणजे आजच मारून घेतली पाहिजे, नाहीतर तो डोक्यावर बसेल' हा समज अजूनही ऐकू येतो. स्वार आणि घोडा दोघेही अनुभवी असतील, घोडा निरोगी असेल आणि नकार केवळ क्षणिक संभ्रमातून आला असेल, तर अडथळा लगेच कमी करून एकदा पार करून घेणे योग्यच आहे. पण घोडा उभा राहिला असेल, तर तो त्याच्या परीने शेवटच्या टोकाला पोहोचलेला असतो आणि तेथून पुढे ढकलण्यात स्वाराच्या जिवाला धोका आहे.

आधी शरीर तपासावे

घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला बोलावून घोडा चालताना, दुडक्या चालीत, कठीण जमिनीवर आणि लहान रिंगणात दोन्ही बाजूंना फिरवून दाखवावा. एका पायातील अगदी हलकी लंगड सरळ रेषेत दिसत नाही, वळणावर दिसते. आणि उडीनंतर सगळा भार ज्या पुढच्या पायांवर पडतो त्यात दुखत असेल, तर उडी नाकारणे हा घोड्याचा शहाणपणाच असतो. नालबंदालाही याच वेळी बोलवावे, कारण वाढलेला खूर किंवा चुकीच्या जागी ठोकलेला खिळा घोडा लंगडण्याआधी त्याच्या मनावर परिणाम करतो.

दातांकडे विशेष लक्ष द्यावे. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडी-जोडीने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरते. नेमक्या याच काळात आपण त्याच्या तोंडात कडियाळ (लगामाला जोडलेला, तोंडात बसणारा लोखंडी भाग) घालून त्याला शिकवत असतो. दाढांच्या पुढे, कडियाळ बसते त्या मोकळ्या जागेच्या कडेला, काही घोड्यांना एक बारीक निरुपयोगी दात असतो. त्यावर लोखंड आदळले की घोडा डोके वर फेकतो, आणि वर फेकलेले डोके ही उभे राहण्याची पहिली पायरी असते. दाढांच्या धारदार कडा गालाला आतून कापत असतील, तरी हेच घडते. दातांची तपासणी वर्षातून किमान एकदा आणि या वयात शक्य तर दोनदा करून घ्यावी.

पाठ आणि खोगीर यांचा विचार एकत्र करावा. खोगीर काढल्यावर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत बोटांनी सावकाश दाबत जावे. घोडा पाठ खाली झुकवत असेल, कान मागे टाकत असेल किंवा चावायला वळत असेल, तर तेथे दुखते आहे असे धरावे. तरुण घोड्याची ठेवण काही महिन्यांत बदलते, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी नीट बसणारे खोगीर आज त्याच्या खांद्यांना चिमटत असू शकते. घामाच्या ओल्या डागात मधेच कोरडा ठिपका राहिला असेल, तर तेथे दाब जास्त पडतो अशी शंका घ्यावी. पायांच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पूर्ण होते, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते, ही गोष्ट चार वर्षांच्या घोड्यावर जड स्वार बसवताना आठवावी.

पोटाचाही विचार करावा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असते, मग तो खात असो वा नसो. सकाळी उपाशी पोटी कामाला नेलेल्या आणि दिवसभरात दोनदाच चंदी (दाणा) मिळणाऱ्या घोड्याच्या जठरात जखमा होण्याची शक्यता मोठी असते, आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावणारा, टाच लागली की आखडणारा घोडा पुष्कळदा हेच सांगत असतो. 400 किलो वजनाच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो सुके गवत किंवा कडबा मिळावा, तो दिवसभरात विभागून द्यावा आणि कामाआधी थोडे गवत आवर्जून खाऊ घालावे. हरभरा, ओट आणि मक्याची चंदी भरपूर आणि काम मात्र रोज अर्धा तास, असा हिशेब असेल तर चंदी कमी करून घोड्याला मोकळ्यात सोडण्याचा वेळ वाढवावा.

ब्रिटनमधील पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वारी चालू असताना दिसणाऱ्या 24 वर्तनांची एक यादी 2018 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी आठ किंवा अधिक वर्तने दिसली, तर घोड्याच्या हाडा-स्नायूंत वेदना असण्याची शक्यता मोठी मानली जाते. कान मागे टाकणे, तोंड उघडे ठेवणे, शेपटी सतत फटकारणे, वारंवार अडखळणे आणि उभे राहणे या गोष्टी त्या यादीत आहेत. आपल्या घोड्याच्या रपेटीचे मोबाइलवर चित्रण करून ते शांतपणे पाहिले, तर खोगिरावर बसून न दिसलेले बरेच काही दिसते.

कडियाळ, हात आणि घोड्याचा पूर्वेतिहास

भारतात 1965 पासूनच्या नियमांनुसार काटे किंवा टोके असलेले कडियाळ वापरण्यास बंदी आहे, तरी ते अजून विकले जाते आणि वापरलेही जाते. घोडा अशा कडियाळाने शिकवलेला असेल, तर त्याची जीभ आणि ओठांचे कोपरे पाहावेत. जुने व्रण सापडले, तर साधे, गुळगुळीत, सांध्याचे कडियाळ घालून त्याचा विश्वास परत मिळवायला काही महिने द्यावेत. उभा राहतो म्हणून आणखी कडक कडियाळ घालणे किंवा डोके पट्ट्याने खाली बांधून टाकणे, ही बंद वाटेला कुलूप लावण्याची रीत आहे. बांधलेल्या डोक्याने उभा राहिलेला घोडा तोल सावरू शकत नाही आणि उताणा पडतो.

आपल्याकडे घोडा कुठून आला हे विचारणे फार महत्त्वाचे आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजारातून किंवा वरातीच्या कामातून आलेल्या मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांपैकी अनेकांना दोन पायांवर उभे राहणे ही कला म्हणून शिकवलेली असते. लगाम वर उचलून खेचणे आणि चाबकाची चाहूल ही त्यांच्यासाठी उभे राहण्याची खूण असते. असा घोडा अडथळ्यासमोर गोंधळला, स्वाराने लगाम ओढला आणि चाबूक हलवला की तो शिकवलेले काम आज्ञाधारकपणे करून दाखवतो. त्याला शिक्षा करणे हा सरळ अन्याय आहे. त्याला लगामाचा आणि टाचेचा नवा अर्थ पहिल्यापासून शिकवावा लागतो. पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत येणाऱ्या, शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेड घोड्यांची गोष्ट वेगळी असते: त्यांना दोन वर्षांच्या वयापासून ताणलेल्या लगामावर रेलून धावायला शिकवलेले असते, त्यामुळे अडथळ्याकडे जाताना लगाम धरला की ते वेग वाढवतात, स्वार घाबरून आणखी खेचतो, आणि मग त्यांना ना पुढे जाता येते ना थांबता येते.

घोडा उठला त्या क्षणी

हेल्मेट आणि छातीचे संरक्षक जाकीट घातल्याशिवाय अशा घोड्यावर बसू नये. उभे राहण्याआधी घोडा सूचना देतो: तो पुढून हलका लागतो, मान आखडते, पावले जागच्या जागी पडतात, मागे सरकायला सुरुवात होते. याच वेळी एका बाजूचा लगाम बाहेरच्या बाजूला नेऊन त्याची मान वळवावी आणि पुठ्ठे बाजूला सरकवावेत. मागचे पाय एकमेकांना छेदून चालू लागले की त्याला उठण्यासाठी लागणारा पाया मिळत नाही. त्यानंतर लगेच पुढे चालवावे.

तो उठलाच, तर लगाम सैल सोडावा, धड पुढे झुकवून हात मानेभोवती टाकावेत आणि आयाळ धरावी. या क्षणी लगामाला लटकणे हे घोडा उताणा पडण्याचे सर्वांत मोठे कारण असते. उठलेल्या घोड्याची मान वळवू नये. मान वळवायची ती चारही पाय जमिनीवर असताना. तोल जातो आहे असे वाटले, तर रिकिबीतून पाय काढून बाजूला उतरावे आणि दूर व्हावे. पाय खाली येताच शिक्षा न करता हात पुढे सोडून पायांनी पुढे चालण्याची सूचना द्यावी. दोन कानांच्या मध्ये फटका मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. त्याने घोडा डोक्याजवळच्या प्रत्येक हालचालीला भिऊ लागतो. जमिनीवरून हाताळतानाही समोर उभे न राहता खांद्याच्या बाजूला उभे राहावे, हातमोजे घालावेत आणि दोर कधीही हाताभोवती गुंडाळू नये.

एकापेक्षा अधिक वेळा पूर्ण उभा राहिलेल्या घोड्यावर नवख्या स्वाराने बसू नये. तो अनुभवी शिक्षकाकडे किंवा जाणत्या चाबूकस्वाराकडे काही काळ सोपवावा, आणि तो मारझोडीने काम करतो का हे स्वतः उभे राहून पाहावे.

पुन्हा सुरुवात

वैद्यकीय कारण मिटल्यावरही घोड्याला वेदनेची आठवण राहते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त जमिनीवरचे काम करावे. बागडोर, म्हणजे लांब दोर, लावून त्याला रिंगणात फिरवताना एकच धडा पक्का करावा: 'चल' म्हटले की पुढे निघायचे आणि निघाल्याबरोबर सगळा दाब संपतो. हा धडा चालीत, दुडकीत आणि वळणावर पक्का झाला की स्वार बसवावा, सुरुवातीला कोणीतरी बागडोर धरलेली असावी, आणि मैदानाबाहेर एखाद्या शांत जुन्या घोड्याच्या मागे लांब, सरळ रपेटी माराव्यात. रिंगणाला कंटाळलेला तरुण घोडा शेताच्या बांधाने चालताना आपोआप पुढे पाहू लागतो.

मग जमिनीवर एकच पोल ठेवावा आणि त्यावरून चालत जावे. पुढे चार पोल दुडकीसाठी साधारण 1.3 मीटर अंतरावर मांडावेत. घोडा आखूड पावलांचा असेल, तर अंतर 1.2 मीटरपर्यंत आणावे. हे काम कंटाळवाणे होईपर्यंत करावे, कारण घोड्याला ते कंटाळवाणे वाटणे हेच आपल्याला हवे आहे. त्यानंतर दोन पोल एकमेकांवर आडवे टाकून मध्यभागी 30 सेंटिमीटर उंचीची फुली करावी, तिच्या अलीकडे अडीच मीटरवर जमिनीवर एक पोल ठेवावा आणि दुडकीत यावे. तो पोल घोड्याला उडीची जागा आपोआप सापडवून देतो आणि स्वाराला मध्ये पडावे लागत नाही. अडथळ्याच्या पायथ्याचा पोल नेहमी अलीकडच्या बाजूला, वीतभर पुढे असावा. तो पलीकडे सरकला, तर घोड्याचा अंदाज चुकतो.

घोड्याची नजर आपल्यासारखी नसते, हे येथे ध्यानात ठेवावे. त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि नाकाखालचे दिसत नाही, त्यामुळे शेवटच्या पावलाला अडथळा त्याच्या नजरेतून निसटतो आणि तो आठवणीवर उडी मारतो. मान मोकळी असेल तरच त्याला आधी नीट पाहता येते. लाल, नारिंगी आणि हिरवा यांतील फरक त्याला कळत नाही. निळा आणि पिवळा मात्र स्पष्ट दिसतात. घोड्याच्या नजरेच्या अशाच अभ्यासाच्या आधारे ब्रिटनमधील अडथळ्यांच्या शर्यतींत 2022 पासून नारिंगी दांड्यांऐवजी पांढरे दांडे आणण्यास सुरुवात झाली. पावसाळ्यात हिरव्यागार झालेल्या मैदानावर लाल पोल ठेवून घोडा अडला, तर आधी पोल पांढरा करून पाहावा.

अडथळा नेहमी इतकाच उंच असावा की घोडा थांबला, तरी उभ्या जागेवरून तो ओलांडू शकेल. तो थांबला, तर त्याला वळवून दूर नेऊ नये, तोंड अडथळ्याकडेच राहू द्यावे, पाहू द्यावे, हुंगू द्यावे. हात सोडून शांतपणे पुढे चालण्याची सूचना देत राहावे. त्याने मागे सरकायला सुरुवात केली, तर मदतनिसाने पोल जमिनीवर टाकावा आणि घोड्याला त्यावरून चालत नेऊन काम तेथेच संपवावे. तो डावीकडे पळाला, तर उजवीकडे वळवून परत आणावे, म्हणजे पळण्याची दिशा त्याला सोपी राहत नाही. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी सात-आठ उड्या पुरेशा आहेत. एक चांगली उडी झाली की खाली उतरावे, तंग सैल करावा आणि त्याला हाताने धरून तबेल्यापर्यंत चालत न्यावे.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिल्या नकाराला 4 दोष मिळतात आणि दुसऱ्या नकाराला स्वार बाद होतो. घरच्या मैदानावर वेगवेगळ्या रंगांचे, नवे मांडलेले अडथळे घोडा सलग दोन महिने न अडता पार करू लागेपर्यंत स्पर्धेचा अर्ज भरू नये. आणि नंतर पहिल्यांदा स्पर्धेच्या ठिकाणी नेताना त्याला फक्त गर्दी, लाउडस्पीकर आणि अनोळखी घोडे दाखवून, एकही उडी न मारता परत आणावे.